यंत्र गप्प झालं तेव्हा

नऊ वाजले तरी एटापल्लीवरचं जानेवारीचं धुकं हललं नव्हतं. सोमारीनं कचेरीच्या गच्चीवर चढून सॅटेलाइटच्या मोठ्या छत्रीवरचं दव पुसलं, अडकलेली मोहाची पानं काढली आणि खाली येऊन मीटिंगच्या खोलीतलं त्या छत्रीचं यंत्र चालू केलं. दर सोमवारी अकराला जिल्ह्याचे मोठे साहेब टीव्हीवर येत आणि एकेका तालुक्याचं नाव घेऊन हजेरी घेत.

सोमारी कंत्राटावरची ऑपरेटर. घरातली पहिली पगारवाली. तहसीलदार साहेब खुर्चीत बसल्यावर यंत्र बंद असल्याचं कळलं, असं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर ऑपरेटर बदलू, असं पत्र आलं होतं.

जिल्ह्याच्या इंजिनिअरनं सोय करून दिली नव्हती असं नाही. यंत्र बंद पडलं की तिच्या मोबाईलवर मेसेज येणार होता. पण मागच्या वेळी विजेची लाइन गेली, बॅटरी संपून यंत्र गेलं आणि गावातला एकुलता टॉवरही गेला. मेसेज आला संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर.

मग तिनं बापाचं पाहून उलटं केलं. बाप पोचू जंगलात ढोरं चारायचा. बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटी वाजत असली की तो झाडाखाली निवांत पडे. थांबली की उठून काठी घेई. सोमारीनं दोन रविवार खपून आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला शिकवलं, दर मिनिटाला यंत्राला हाक मार आणि त्यानं ओ दिली तर टुक् कर.

बडे बाबू गोविंदाभाऊ पलीकडच्याच टेबलावर बसत. पहिल्याच दिवशी ते वैतागले.

"सोमारे, दुनियेची यंत्रं बिघडली तं बोंबलते. तुयं चांगलं असलं तं बोंबलते. उलट्या खोपडीची हायस का?"

"हाव भाऊ," ती म्हणाली आणि पाकिटं चिकटवत राहिली.

त्या सोमवारी दहा चाळीसला टुक् आलं नाही. तिचा हात थांबला. पुढचं मिनिटही कोरडं गेलं. डोक्यावरचा दिवा तर जळत होता. लाइन होती. आज कानाले आराम भेटला, असं गोविंदाभाऊ म्हणेपर्यंत ती मीटिंगच्या खोलीत पोचली होती.

यंत्राचा हिरवा दिवा विझला होता. कपाटामागं बॅटरीच्या डब्याचा प्लग जमिनीवर पडलेला, आणि त्या जागी हीटरचा प्लग. हीटर साहेबांच्या खुर्चीखाली लालभडक. शिपाई भागीरथाभाऊंनी सकाळीच लावला होता. साहेबांचे पाय गारठतात म्हणून. तेव्हापासून यंत्र बॅटरीवर चालत होतं आणि आता बॅटरी संपली होती. बॅटरीची शिटी वाजली असती, पण ती कटकट गोविंदाभाऊंनीच दिवाळीत बंद करून घेतली होती.

तिनं प्लग बदलला. यंत्राला उठून आकाशातलं ठिकाण शोधायला पंधरा मिनिटं लागत. अकरा वाजायला अठराच उरली होती.

पावणेअकराला साहेब आले. पाय चोळत त्यांनी विचारलं, हीटर कोणी काढला. भागीरथाभाऊंनी मान खाली घातली.

"मी काढला, साहेब," सोमारी म्हणाली.

साहेब टीव्हीकडे बघत राहिले. पडदा निळा. अकराला आठ कमी, पाच कमी. भागीरथाभाऊ दारातच उभे, ना आत ना बाहेर. साहेबांनी त्या पत्राची आठवण करून दिली नाही. नुसतं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

तीन कमी असताना शेजारच्या खोलीत टुक् झालं. मग पडदा फडफडला, मोठे साहेब दिसले, तालुक्यांची नावं सुरू झाली.

"एटापल्ली?"

"हजर आहे, सर," साहेब म्हणाले.

सोमारी मागच्या मागं बाहेर आली. गोविंदाभाऊंनी फाईलमधून डोकं वर केलं नाही.

"आवाज जराक कमी करून ठेव," ते म्हणाले. "बंद नको करू."

तिनं आवाज कमी केला. कोपऱ्यातलं मडकं रिकामं होतं. ते कमरेवर घेऊन ती बोअरिंगवर पाणी भरायला गेली.