कुठं चाललीस

वीर स्टेशनला जाणारी रिक्षा दारात उभी होती. मी उंबरा ओलांडला आणि ओटीवर बसलेले माझे थोरले चुलते, तात्या, मुद्दाम मोठ्यानं बोलले, "कुठं चाललीस गो?"

पोलादपूरकडच्या माणसाला यातली मेख सांगायला नको. निघालेल्या माणसाला आम्ही 'कुठं' असं विचारत नाही, काम होत नाही म्हणतात. फार तर 'लांब का?' म्हणतो. पोरीनं शिकायला जर्मनीला जाणं तात्यांना मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी ही नाट लावली. आईनं मला हात धरून आत नेलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. "इचारलंच त्यांनी. वाईच बस, मग जा." ते मी विसरलेले नाही.

आज मी इकडच्या युनिव्हर्सिटीत जुन्या जर्मानिक भाषांमधली प्रश्नार्थक सर्वनामं शिकवते. आपलं 'कोण' आणि त्यांतल्या गॉथिक भाषेतलं 'ह्वस' मुळात एकाच कुळातले. तिकडं 'क'चा 'ह' झाला, एवढंच. गॉथिकमध्ये बाईविषयी विचारायला 'ह्वो' असं वेगळं रूप होतं. जुन्या इंग्रजीत आणि जुन्या जर्मनमध्ये मात्र बाप्या असो की बाई, 'कोण' एकच. हे शिकवताना मला फार बरं वाटतं. 'कुठं'ही त्याच कुळातलं, म्हणून पहिल्याच लेक्चरला मी तात्यांचं वाक्य बोर्डवर लिहिते. गोरी पोरं ते अडखळत वाचतात आणि मी सांगते, एका खुनशी माणसानं पुतणीला हे विचारलं होतं. माझ्या पुस्तकातही ते उदाहरण छापलंय.

बाबा वारले तेव्हा मी गावी गेले. तेराव्यानंतर भावकी बसली. तात्यांचं आणि आमचं घर एकाच ओटीचं, मधे फक्त एक भिंत. तात्या म्हणाले, "पोर तर परदेशात. ह्या घरात आता ऱ्हातंय कोन? मधली भित पाडून एकच करू."

आई दाराआडच बसली होती. भावकीत आमच्याकडे बाया बोलत नाहीत. मी ओटीवर आले आणि म्हटलं, "माझी आई राहते. तिच्यानंतर मी. भिंतीला हात लावून बघा."

तात्यांचं तोंड एवढंसं झालं. बाबांच्या दुःखातही मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

माझ्यासारखंच गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हीच मला म्हणता, आता जर्मनीतच रम. इथे शेजारी चांगले आहेत, हसून मान हलवतात. मी उद्या निघून गेले तरी त्यांचं काही बिघडणार नाही. तिकडे मी नुसती दारात उभी राहिले तरी तात्यांचा घास अडतो. त्यालाच मी घर म्हणते.