बत्तीस नंबरची कंबर

नवी पँट चढवली की ती आधी बसायची. मग उठायची. मग पुन्हा बसायची. तीनदा बसून झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही.

एक पाय स्टुलावर ठेवून बघायची, बसच्या पायरीवर ठेवावा तसा.

खिसे ती वापरून बघायची. मांडीवरच्या डाव्या खिशात चष्मा, उजव्यात पाण्याची छोटी बाटली, मागच्यात किल्ल्या. मग जिन्यावरून धावत खाली आणि धावत वर. बाटली गुडघ्यावर आपटली तर पँट नापास.

आरशाकडे पाठ करून उभी राहायची. आरसा खुशामत करतो, म्हणायची.

बोलायची ती पँटशीच. "काय गं, मांडीला का चिकटतेस? दुसरीकडे जागा नाही का तुला?"

कुणी कौतुक केलंच तर म्हणायची, "मला काय सांगता, मास्तरांना सांगा. मी नुसती खुंटी."

खुंटी कसली. त्या कारखान्यातला बत्तीस नंबर म्हणजे ती होती.

कारखाना लहान. वरच्या मजल्यावर कापणी, खाली शिलाई, मागच्या शेडमध्ये धुलाई. जीन्स आणि भरपूर खिशांच्या कार्गो पँट्स, एवढाच माल. नवी पँट ठरली की आधी एकच नमुना शिवायचा आणि तिच्या अंगावर चढवायचा. तिच्यावर बसला की त्याच्यावरून अठ्ठावीसपासून चाळीसपर्यंतचे सगळे नंबर काढायचे. एकवीस वर्षांपूर्वी ती तिथे खिसे शिवायला लागली होती. एक दिवस नमुना घालून बघणारी मुलगी आलीच नाही. कापणीच्या मास्तरांनी हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ए खिसेवाली, जरा उभी राहा." पँट तिच्यावर ओतल्यासारखी बसली. त्या दिवसापासून ती बत्तीस. मालकीणबाईंची बत्तीस, इस्त्रीवाल्याची बत्तीसताई. घरी दोन खोल्यांत ती आणि तिची मोठी बहीण राहायच्या. बहीणसुद्धा रागावली की म्हणायची, "या, बाई बत्तीस, उशीर केलात!"

फॅशन आधी तिच्या पायांवर यायची, मग वर्षभराने रस्त्यावर. बटण लावायला पाठीवर झोपावं लागायचं, असल्या घट्ट पँट्स तिने घातल्या. गुडघ्यावर फाटलेल्याही घातल्या. त्यातल्या एका नमुन्याला बहिणीने मायेने आतून ठिगळ लावून दिलं होतं. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत.

आणि आता सगळं सैल झालं. एकेका पायात दोन माणसं मावतील अशा जीन्स, बुटांवर लोळणारी टोकं, आठ-आठ खिशांच्या कार्गो. ती खूश होती. "अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा फॅशन मला श्वास घेऊ देतेय," म्हणायची. नमुना आठ दिवस अंगावर वापरून बघायचा, हा तिचाच नियम. त्यामुळे भाजी आणायलाही ती त्याच अवतारात जायची. शेजारीण एकदा म्हणाली, "या वयात हा काय तंबू?"

"तंबूच आहे. पाऊस आला तर तुम्हीही या आत."

मास्तर त्रेसष्ट वर्षांचे. हातात कसब आणि नाकाच्या शेंड्यावर राग. तिच्या कमरेला ते टेप लावत नसत. टेप कापडाला, अंगाला बोटं, असं त्यांचं म्हणणं. दर सोमवारी मागच्या बाजूने कमरपट्टीत दोन बोटं घालायची. दोन गेली तर बरोबर. तीन गेली तर टाचणी लावायची आणि आत घ्यायचं. मग भिंतीशी जायचं. तिथे खिळ्याला तपकिरी पुठ्ठा टांगलेला असे. हा मूळ पुठ्ठा. पँट कुठलीही असो, कंबर त्याच्यावरून निघायची. मास्तर त्याच्यावर पेन्सिलीची रेघ मारायचे, बाजूला तारीख टाकायचे आणि त्या रेघेवरून कापड कापायचे.

त्या वर्षी एका सोमवारी तीन बोटं गेली.

"सैल आहे, मास्तर."

"नवं कापड आहे. धुतल्यावर सुटतं." अर्धा इंच आत घेतलं.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीन गेली. मास्तरांनी कापडवाल्याला शिव्या घातल्या. अर्धा इंच. पुन्हा तीन गेली तेव्हा धुलाईवाल्याची पाळी आली. "पाणी किती गरम ठेवतोस? कापड आहे ते, बटाटे नाहीत उकडायला!" त्याने कानांवर हात ठेवले. त्याच्या पुढच्या वेळी शिलाईचं नवं मशीन गुन्हेगार ठरलं. मशीन बिचारं काय बोलणार.

तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहून दिसणार तरी काय? पायात दोन पोती, वर तसलाच ढगळ शर्ट. इस्त्रीवाला एकदा म्हणाला, "ताई, बारीक झालात की." ती म्हणाली, "फॅशनमध्ये कुणीही बारीक दिसतं." दुपारी डबा अर्धा परत जायला लागला होता. थकवा यायचा. एकवीस वर्षं उभं राहून येणारच, असं तिने स्वतःला समजावलं.

बाकी सगळ्यांना कपडे सांगतात. पट्ट्याचं भोक पुढे जातं, बटण तुटायला येतं, जुनी पँट घसरायला लागते. तिला कोण सांगणार? तिचे कपडे तिच्या मागोमाग आत येत होते. तिला पँट कधी सैल झालीच नाही.

मग माल परत यायला लागला.

पहिला फोन एका दुकानदाराचा. मालकीणबाईंनी तो स्पीकरवर लावला. "बाई, ही सैल फॅशनच ना? मग लोक श्वास कोंडून का बाहेर येतायत? बत्तीस माझ्या बायकोला बसत नाही. चौतीस मेहुणीला बसत नाही. काल पुतळ्याला घालायला गेलो तर त्याचंही बटण लागेना."

"तुमचं गिऱ्हाईक सुटलं असेल," मालकीणबाई म्हणाल्या.

"सगळं गिऱ्हाईक? एका महिन्यात?"

आठवडाभरात तीनशे दहा पँट्सचे गठ्ठे दारात येऊन पडले. मालकीणबाईंनी एक उचलून मास्तरांच्या टेबलावर आपटली. "मास्तर, ही काय भानगड आहे?"

मास्तरांनी टेप काढली. लेबलवर बत्तीस, टेपवर साडेअठ्ठावीस. दुसरी पँट, साडेअठ्ठावीस. बारा मोजल्या. बाराच्या बारा तशाच. ते कापणीवाल्यावर ओरडायला वळले आणि मध्येच थांबले. भिंतीवरचा पुठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. शेवटची रेघ साडेअठ्ठावीसवर. कडेने सात रेघा, सात तारखा. अक्षर त्यांचंच.

"मीच कापलंय," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक, की मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं, "काय?"

"बत्तीसला बोलवा."

ती आली. मांडीवरच्या खिशात बाटली डुचमळत होती. "काय झालं? कुणाचं बारसं जेवायला निघाल्यासारखे सगळे गोळा का झालात?"

"हात वर कर."

"टेप? मास्तर, बोटं कुठे गेली तुमची?"

मास्तरांनी तिचा शर्ट कमरेच्या वर गोळा केला, टेप फिरवली आणि आकडा पाहिला. टेप उलटी धरली असं वाटून त्यांनी ती सुलटी केली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

साडेसत्तावीस.

खाली मशीनं चालू होती. गोळा करून धरलेल्या शर्टाखाली तिच्या बरगड्या दिसत होत्या. तिने स्वतःही खाली पाहिलं, परक्या घरात डोकावावं तशी.

"मग आता मला सत्तावीस म्हणणार?" ती हसली. कुणी हसलं नाही तेव्हा तिचा चेहरा उतरला. "दुसरी बत्तीस शोधणार का? मास्तर? मी खाईन की. महिनाभरात भरून काढते बघा."

"डॉक्टरकडे चल," मास्तर म्हणाले.

"अहो, पण..."

"चल म्हणतो ना!"

एकवीस वर्षांत ते तिच्यावर पहिल्यांदा ओरडले. बाकी सगळ्यांवर ओरडून झालं होतं.

तपासण्यांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींना बसवून घेतलं. मास्तर दाराशी उभे होते. पोटात गाठ होती, आणि ती पसरली होती.

"वजन कधीपासून कमी होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ती बहिणीकडे बघायला लागली. बहीण म्हणाली, "कमी झालं हेच आम्हाला गेल्या आठवड्यात कळलं. हिचे कपडे तर सगळे नीट बसतात हो."

"आठवून बघा. दोन महिने? चार?"

मास्तर तडक निघून गेले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा त्यांच्या काखेत तो तपकिरी पुठ्ठा होता. त्यांनी तो रिपोर्टांवर ठेवला.

"हे काय?"

"पँटचा पुठ्ठा आहे. हिच्या कमरेचा."

डॉक्टरीणबाईंना आधी उमगलं नाही. मग त्या पुठ्ठ्यावर वाकल्या. एकेका रेघेवर बोट ठेवत, एकेक तारीख वाचत गेल्या. अर्धा इंच. अर्धा इंच. पुन्हा अर्धा इंच. पहिली तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. त्यांनी फोन काढून पुठ्ठ्याचा फोटो घेतला आणि तो फाइलला जोडायला सांगितलं.

"इतकी नीट नोंद पेशंट कधी आणत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांनी ते चांगल्या मनानेच म्हटलं असणार.

"पहिल्या रेघेला आलो असतो तर?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. उत्तर द्यायला लागल्या, आणि मग नुसतं म्हणाल्या, "बसा ना तुम्ही. असे उभे का?"

मास्तर बसले नाहीत. त्यांची दोन बोटं एकमेकांवर घासत होती. दर सोमवारी हीच बोटं तिच्या पाठीशी होती. त्यांना तिसऱ्या बोटाची जागा जाणवली होती. तीही त्यांनी शिवून टाकली होती.

औषधं सुरू झाली. ती घरी आली. तिसऱ्या दिवशी तिने निरोप धाडला की परत आलेला माल घरी पाठवा. मास्तर प्रत्येक पँटच्या मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन इंच कापड दाबून ठेवत. ही त्यांची जुन्या शिंप्याची सवय. इतर कारखान्यांतली माणसं त्याला नासाडी म्हणत. आता तेच कामाला येणार होतं. कमरपट्टी उसवायची, मागची शिवण मोकळी करायची, की कारखान्यात मशीनवर पट्टीला जोड देऊन पुन्हा शिवता येतं. उसवणं मात्र हातानेच, ब्लेडने एकेक टाका कापत. घाई केली तर कापड फाटतं.

मास्तर स्वतः गठ्ठे घेऊन गेले. पलंगावर उशांना टेकून ती बसली होती. अंगात आठ खिशांची कार्गो, कमरेला दोरी.

"मी करतो. तू पड," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला कापता येतं. उसवायला सबुरी लागते."

"चूक माझी आहे, बत्तीस."

"असं करू, वाटून घेऊ," ती म्हणाली. "अर्धा इंच तुमची, अर्धा इंच माझी."

बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "दोघंही वेडी आहात! आजारी माणसाला कुणी गठ्ठे आणून देतं का?" मग तीच खाण्याची ताटली ठेवायला आली आणि तिथेच बसून उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली.

त्यानंतर मास्तर रोज कामावरून थेट तिथे यायचे. तयार झालेल्या पँट्स न्यायच्या, नव्या ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात दिवसाला बारा होत होत्या. मग आठ. मग पाच. एकूण आकडा ती पलंगाच्या कडेला खडूने लिहायची. बोलणं अजून तसंच होतं. पँटशी. "सूट गं बाई, का अडून बसलीस? तुला कुणी मारतंय का?" मास्तर समोरच्या खुर्चीवर बसून ऐकत राहायचे. एकदा तिने विचारलं, "नवा पुठ्ठा केलात?"

"केला. टेप लावून."

"अंगावर बघितलात?"

"नाही."

"बघा कुणावर तरी. टेपला बसता येत नाही."

सव्वा महिनाच झाला होता. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने धरले होते. गुरुवारी संध्याकाळी मास्तर गठ्ठा घेऊन जिना चढले तर दार सताड उघडं आणि शेजारीण बहिणीला धरून बसलेली. दुपारी गेली, शेजारीण म्हणाली. बसल्या बसल्या. मास्तरांच्या डोक्यात काही शिरलंच नाही. त्यांनी विचारलं, "गठ्ठा कुठे ठेवू?"

शेजारणीने हाताने खोली दाखवली.

पलंगाच्या कडेला खडूने दोनशे सेहेचाळीस लिहिलेलं होतं. दोनशे सत्तेचाळिसावी पँट चादरीवर पडली होती. निळी जीन्स, सैल, लेबल बत्तीस. मागची पट्ट्याची लूप निघाली होती. लेबलची एक कड सुटली होती, दुसरी शिवलेलीच होती. कमरपट्टी डावीकडून मधल्या शिवणीपर्यंत उघडली होती. तिथे एक टाका अर्धा कापला होता, आणि ब्लेड त्याच टाक्यात अडकलेलं होतं.