भाऊजींचं सागवानी स्वयंपाकघर

परमेश्वरानं पृथ्वी घडवली तेव्हा आमचे भाऊजी टेप घेऊन त्याच्या शेजारी उभे असते, तर सातपुडा आज एका ओळीत असता आणि कन्हान नदी जिथं वळायची तिथं काटकोनात वळली असती. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सगळी नोकरी केली आणि निवृत्त होऊन मानेवाड्याच्या लहानशा घरात राहायला आले. निरोप समारंभात सगळ्यांना देतात तसं त्यांनाही शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा त्यांनी स्टेजवरच नारळाचा घेर मोजला म्हणतात. मी तिथं नव्हते, पण माझा विश्वास बसतो. सकाळी सदरा चढवला की खिशात आधी टेप जातो, मग चष्मा, मग पाकीट. पाकीट विसरलं तर ते तसेच पुढे जातात आणि टेप विसरला तर पार सदर बाजारापासून घरी परत येतात. सुतारांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आपण ज्याला "तेवढं चालतं हो" म्हणतो ते बहुधा या एका सुताइतकंच असतं आणि भाऊजींना नेमकं तेच चालत नाही.

माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली होती तेव्हाची गोष्ट. मुलाची उंची पाच फूट आठ इंच, असं त्याच्या काकांनी सहज सांगितलं. पोह्यांची बशी खाली ठेवून भाऊजी उठले, मुलाजवळ गेले आणि अदबीनं म्हणाले, "जरा भिंतीले टेकून उभे राहता का?" माझ्या पायाखालची जमीन सरकली. भाऊजींनी टेप लावला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि जाहीर केलं, "पाच सात, वर तीन सूत. आठ नाही भरत." ताई स्वयंपाकघरातून कपाळाला हात लावून बाहेर आली. नशीब माझं की मुलगा खो-खो हसत सुटला. आज तो माझा जावई आहे आणि भाऊजींना फोन केला की "काका, तीन सूत बोलतोय" असंच म्हणतो. मी नंतर भाऊजींना झापलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माप म्हणजे माप असते वं. त्याच्यात गोड बोलता येत नाही."

आणि अशा माणसाच्या पदरात माझी ताई पडली, जिनं आयुष्यात कधी काही मोजून केलं नाही. मीठ चिमटीनं, तेल धारेनं आणि पाहुणे येतील तितके. लांब पोळ्यांसाठी ती आमच्या दोन्ही घराण्यांत नावाजलेली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही पोळी पोळपाटावर लाटत नाहीत. कणीक इतकी सैल भिजवतात की ती ओघळू पाहते, मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडतात. मे महिन्यात आमरसाबरोबर हीच पोळी हवी. ताईच्या हातांवर पसरलेल्या पोळीतून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. थेट अमरावतीहून माणसं आमरसाच्या निमित्तानं यायची आणि रसाचं नावही न काढता पोळीबद्दल बोलत परत जायची.

दोन वर्षांपूर्वी ताई तिच्या स्वयंपाकघरात घसरली. घर बांधताना ठेकेदारानं गुळगुळीत चकचकीत फरशी बसवून दिली होती, तिच्यावर थोडं पाणी सांडलं होतं. उजवा खांदा मोडला. धंतोलीतल्या इस्पितळात ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की हात खांद्याच्या रेषेपर्यंत येईल, त्याच्या वर जाणार नाही. ताईनं मान डोलावली, घरी आली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. डबा लावला. डब्यातली भाजी कशीही असो, ती निमूट खायची. माझी ताई, जिनं लग्नाच्या पंगतीतल्या वांग्याच्या भाजीलाही नावं ठेवली होती, ती आता डब्यातलं पिवळं पाणी वरण म्हणून ओरपत होती. मी रागावले की म्हणायची, "आता माझ्यानं होत नाही वं. झालं माझं." मला भीती वाटायची ती तिच्या खांद्याची नव्हे, या "झालं माझं"ची. भाऊजी फक्त बंद दाराची चौकट मोजत होते.

एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की स्वयंपाकघर पाडायचं आणि नवं करायचं. मॉड्युलर किचनवाला बोलावला. तो गोड मुलगा टॅबवर रंगीत चित्रं दाखवत होता आणि एक गुळगुळीत तुकडा त्यानं भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींनी तो नखानं खरवडला. "हे लाकूड आहे का?"

"लाकडासारखंच आहे, सर."

"मग पैसेही पैशासारखेच देऊ का?"

तो मुलगा चहा पिऊन निघून गेला. त्यानंतर भाऊजींनी सगळं स्वतःच हाती घेतलं. कन्हानला एक जुनं घर पाडत होते, तिथून सागाच्या चौकटी आणल्या. "माझ्यापेक्षा म्हातारा साग आहे, आता हा वाकत नाही," म्हणाले. ओट्याला काळा दगड, जमिनीला खरखरीत कोटा फरशी, पॉलिश न केलेली. कोटा बसवल्यावर त्यांनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि मला हुकूम केला, "चाल आता." मी साडी सावरत त्या पाण्यातून येरझाऱ्या घातल्या आणि घसरले नाही तेव्हा त्यांना असा आनंद झाला, जसा माझ्या लग्नातही झाला नव्हता. भिंतींना चुन्याचा गिलावा, कपाटांच्या दारांना बुरडाकडून विणून आणलेल्या बांबूच्या जाळ्या. लाकडाला जवसाचं तेल ते स्वतः फडक्यानं चोळत. आठवडेच्या आठवडे त्या घरात चहालाही जवसाचा वास यायचा.

पण एवढं सगळं नैसर्गिक म्हणून कुणी त्यांना जुन्या वळणाचं समजू नये. ढकलले की आपोआप हळूच मिटणारे खण त्यांना हवे होते, फळीखाली दिव्यांची पट्टी हवी होती आणि सर्वांत आधी हवी होती चिमणी. धूर खेचून घेणारी, काच आणि स्टीलची, तिरपी, बोट लावलं की सुरू होणारी. "आपलं स्वयंपाकघर आजच्या जमान्याचं पाहिजे," हे वाक्य ते त्या चिमणीकडे पाहून म्हणायचे, जसं लोक मुलाच्या पदवीच्या फोटोकडे पाहून बोलतात.

आणि माप! ताईला खुर्चीवर बसवायचं, उभं करायचं, हात पुढे, हात बाजूला. "मी का शिंप्याच्या दुकानात आली का?" ताई वैतागायची. "तुमचं घर, तुमचं लाकूड. मले काय करायचं आहे त्याचं?" भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करून तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडायचे. डबे, ताटं, पातेली, एकही वस्तू तिच्या खांद्याच्या वर ठेवायची नाही, हा त्या स्वयंपाकघराचा कायदा होता. वरच्या भिंती रिकाम्या. तिथं फक्त ती चिमणी, शेगडीवर पार खाली झुकलेली.

काम पूर्ण झालं आणि पाहुण्यांचे हाल सुरू झाले. चहा मिळण्यापूर्वी खण पाहावा लागे. भाऊजी खण ढकलायचे, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायचे, आणि खण मिटला की विचारायचे, "आवाज आला का?" नाही म्हटलं की, "हेच तर दाखवून राहिलो!" त्या घरी इतक्या माणसांनी इतकी शांतता पूर्वी कधी ऐकली नव्हती. मलाही खरं सांगायचं तर अभिमान वाटायचा. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी ती खोली, पण दुपारी बांबूच्या जाळीतून ऊन काळ्या दगडावर यायचं तेव्हा तिथून हलावंसं वाटायचं नाही. फक्त एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. शेगडीखालचा ओटा बाकीच्या ओट्यापेक्षा चांगला वीतभर खाली होता. जो तो म्हणायचा, काका, इथं ओटा खचला. माझ्या जावयानं तर, "काका, तीन सूत नाही हो, इथं आख्खी वीत गेली," म्हणून सूडच घेतला. भाऊजी फक्त म्हणायचे, "राहू द्या." ताई त्या ओट्यावर चहा करू लागली होती. चहाच्या पुढे मात्र जात नव्हती.

मे महिन्यात मी आंबे घेऊन गेले. मुलगी-जावईही होते. स्वयंपाकघरात पाहते तर शेगडीवर एक कोरं मडकं पालथं घातलेलं. ताई दारात उभी. "हे काहून मांडलं?"

"उंची पाहून राहिलो," वर्तमानपत्राआडून भाऊजी म्हणाले.

ताई आत गेली. मडक्याच्या वर तिनं हात धरला. चुलीपुढं पाटावर बसलं की हात डोक्यापर्यंत उचलावे लागायचे. इथं मडकं तिच्या कमरेच्या जरासं वर होतं आणि हात खांद्याच्या खालीच राहत होता. तेव्हा मला त्या खचलेल्या ओट्याचा अर्थ कळला. ताईनं मडक्यावरून एकदा हात फिरवला. मग तिनं मला विचारलं, "गहू कोणता आहे वं घरात?" वर्तमानपत्र हललं नाही, पण ते उलटं धरलं होतं हे मी पाहिलं.

कणीक मी भिजवली, म्हणजे ताईच्या शिव्या खात भिजवली. "सैल कर. अजून सैल कर. पोळी करून राहिली का वीट थापून राहिली?" मग तिनं गोळा घेतला. एका हातावरून दुसऱ्यावर, पुन्हा परत. पोळी लांबत गेली, कोपरांकडे ओघळत गेली. आम्ही सगळे दारात दाटीवाटीनं उभे. तिनं ती मडक्यावर सोडण्यासाठी हात पुढे नेले आणि पोळी थेट चिमणीवर गेली. काचेला चिकटली, मधोमध फाटली, अर्धी लोंबत राहिली आणि अर्धी शेगडीवर पडली.

कुणी हसलं नाही. ताईचा चेहरा उतरला. "म्हटलं होतं ना मी," ती हळूच म्हणाली, "आता नाही होत माझ्यानं." आणि पदराला हात पुसू लागली. ती आता बाहेर पडली असती तर त्या सागाला, त्या दगडाला, कशालाच काही अर्थ राहिला नसता.

भाऊजी पुढे आले. त्यांनी लोंबणारी पोळी पाहिली, चिमणी पाहिली, ताईचे हात पाहिले. "थांब," म्हणाले. "हात नाही चुकला तुझा. मी चुकलो. मडकं मोजलं, ओटा मोजला, तुले मोजलं, पण हातावरची पोळी नाही मोजली. आजवर पोळी मी ताटातच पाहिली ना गा," हे शेवटचं जावयाला. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून "मी चुकलो" पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी स्टूल ओढलं, पेचकस काढला, आणि जिचं आम्ही सगळ्यांनी तोंडभर कौतुक करून चहा मिळवला होता ती चिमणी जावयाच्या मदतीनं उतरवून जेवणाच्या टेबलावर आंब्यांच्या शेजारी ठेवली. भिंतीला वाटोळं भोक राहिलं. ते अजून आहे. त्यावर बांबूची जाळी बसवली आहे आणि नव्या पाहुण्याला भाऊजी खणाच्याही आधी ते दाखवतात, "ही माझी चूक," म्हणून, खणाइतक्याच ऐटीत.

त्या दिवशी ताईनं दुसरा गोळा घेतला. पोळी लांबली, हात पुढे गेले, मध्ये काही आलं नाही. मडक्यावर ती पसरली, फुगे आले, खरपूस वास सुटला. मी रडत होते हे मी लपवलं नाही. माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. "मावशी, अगदी आधीएवढी झाली!"

"आधीएवढी?" जावई म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, जुनी थट्टाच होती. "काका, होऊन जाऊ द्या. मोजा!"

ती पोळी आधीएवढी नव्हती. मला ते दिसत होतं, ताईला तर हातात कळलं होतं. हात जिथवर उघडतो तिथवरच पोळी लांबते. ताई भाऊजींकडे पाहत होती, उंची मोजून घ्यायला भिंतीला टेकून उभं राहिलेला माणूस पाहतो तसं. भाऊजींचा हात खिशाकडे गेला, टेपवर थांबला आणि रिकामाच बाहेर आला. त्यांनी चष्मा वर केला. पोळीकडे नीट पाहिलं.

"मोजायचं काय त्याच्यात," ते म्हणाले. "तेवढीच आहे. एक सूतही कमी नाही."