कागदावर बोट ठेवलं, तरी काही दिसेना

चाकणच्या एका कंपनीत मी मशिनींची सूचनापत्रकं लिहिते. साध्या मजकुरात चार खुणा टाकायच्या, मग संगणकावरचं एक टूल त्याचं नीटनेटकं पान करून देतं. त्यात मला एक सोय सापडली. फाइलच्या तळाशी 'पीएम', 'लोटो' अशा लघुरूपांचे अर्थ एकदाच लिहून ठेवायचे. मग पानावर जिथे जिथे ती अक्षरं येतील तिथे खाली ठिपके उमटतात, आणि बोट ठेवलं की पूर्ण अर्थ दिसतो. मी हरखून गेले. दिवसभर ऑफिसात सगळ्यांना मोबाइलवर दाखवत सुटले.

दोन दिवसांनी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनीवरच्या ऑपरेटर ताईंकडे गेले. त्या लातूरकडच्या. मशिनीला चिकटवलेल्या कागदावर त्यांनी बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, बोट दुखायलंय, पण अर्थ काही दिसंना."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मशिनी चालतात त्या शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी, तिथे सगळं छापूनच लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी टूलला एक छोटी जोड लिहिली. छापताना लघुरूप पहिल्यांदा आलं की लगेच कंसात अर्थ. आता अर्थही सोपे हवेत म्हणून थेरगावला घरी आल्यावर पप्पांना विचारलं. ते तीस वर्षं कारखान्यात होते.

"पप्पा, दुरुस्तीआधी मशीन बंद करून टाळं लावायचं, पाटी अडकवायची. याला लोटो म्हणतात. तुम्ही काय म्हणायचात?"

"आम्ही कसलं लोटो! नवीन माणसाला सांगायचो, कुलूप लाव, पाटी लाव, चावी आपल्याच खिशात."

तेच टाकलं. पीएमपुढे लिहिलं, 'बिघडायच्या आधीची देखभाल'.

सकाळी कागद लागले आणि शॉपमध्ये खसखस पिकली. वरच दुपारच्या शिफ्टची वेळ होती आणि टूलने इमानेइतबारे छापलं होतं: 'शिफ्ट सुरू: २ पीएम (बिघडायच्या आधीची देखभाल)'.

"म्हणजे दोनच्या आत आम्ही बिघडायचं न्हाई व्हय?" ताईंनी विचारलं. सुपरवायझरसाहेब तर डोळे पुसत हसत होते. मी वेळ 'दुपारी दोन' अशी लिहिली आणि पुन्हा छापलं.

नवा कागद ताईंनी मोठ्याने वाचला. चावीपाशी थांबल्या. "हे कुणी लिवलं? मशिनीवर उभं राहिलेला माणूस हाय हा."

"माझे वडील," मी म्हणाले.

घरी पप्पांना हे सांगितलं. ते चहा तसाच ठेवून उठले, चष्मा शोधून आणला आणि खुर्ची माझ्या लॅपटॉपजवळ ओढली. "पुढचा शब्द कुठला आहे?" म्हणाले. जेवणापर्यंत आमचे अकरा शब्द झाले. त्यातल्या तीन शब्दांवरून तर आम्ही चक्क भांडलो.