पाच मिनिटांत उलटी फिरलेली होडी

दुपारचे दोन वाजले होते आणि माझ्या होडीचं तोंड उलटं झालं होतं. धरमतरच्या जेट्टीवर पन्नासेक माणसं, कॅमेरा तयार, आणि कुणाला पत्ता नाय.

मी बार्जवर तांडेल होतो, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. शाळा चौथीपर्यंत. रिटायर झाल्यावर लहान होडी ठेवली, ती पिक्चरवाल्यांनी दोन दिवस घेतली. पिक्चरची गोष्ट अशी, की सरकारी माणसं चोरून कॅमेरा लावून एका होडीवर पाळत ठेवतात. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू. प्रसंग पाच मिनिटांचा, पण अर्धा सकाळी दहाला घेतला आणि अर्धा जेवणानंतर घ्यायचा होता.

तिथं रेवती नावाची पोरगी होती. तिचं काम कंटिन्युइटी. म्हणजे मघाशी नटाचं बटण लावलेलं होतं तर आता पण लावलेलं पाहिजे. सगळ्याचा फोटो काढायची, वहीत लिहायची. ग्लासात चहा किती उरला तेसुद्धा. माझी बायको द्वारका टीव्हीसमोर बसून हेच करायची. मघाशी बांगड्या हिरव्या होत्या, आता लाल कशा, म्हणायची. मी म्हणायचो, गप बघ गो. ती जाऊन नऊ महिने झाले. आता मालिका लावत नाय.

आदल्या दिवशी नटाच्या मनगटावरचं घड्याळ रेवतीच्या नजरेतून सुटलं होतं. डायरेक्टरनं सगळ्यांदेखत सुनावलं होतं, आणखी एक चूक झाली तर बॅग भरायची. पोरगी त्या दिवशी जेवली पण नव्हती.

पण तिनं पाण्याचा विचार केला होता. मोठमोठ्यांना सुचत नाय ते. जेट्टीच्या खांबावर पाणी कुठवर आहे त्याचा सकाळी फोटो काढला आणि मला विचारलं, काका, परत इथवर कधी येईल? अमावास्या होती. त्या दिवशी आमच्याकडं सव्वाबाराच्या सुमाराला भरती पुरी होते. म्हटलं, अडीचला, उतरताना. बरोबर तिथंच येत होतं.

मात्र दहाला पाणी चढत होतं आणि दोनला उतरत होतं. नांगरावरची होडी पाणी जिकडून येतं तिकडं तोंड करते. सकाळी समुद्राकडं, आता खाडीच्या आत वडखळकडं. हे तिला मी सांगायला हवं होतं. आमच्यासाठी ते इतकं रोजचं, की सांगण्यासारखं वाटलंच नाय.

मी तिला बाजूला घेऊन दाखवलं. तिनं सकाळचा फोटो बघितला.

"काका, गेली माझी नोकरी."

"कुठं जात नाय. वीस मिनिटं मागून घे."

ती सरळ डायरेक्टरकडं गेली आणि चूक स्वतःवर घेतली. माझं नाव घेतलं नाय. मग मीच पुढं झालो. म्हटलं, साहेब, पाण्याचं मी सांगितलं होतं, होडीचं सांगायचं राहिलं.

"वीस मिनिटांत फिरेल?" त्यानं विचारलं.

"फिरंल. पण उलटी धरून बसायला माणूस लागंल."

"तो दिसता कामा नये."

"मग झाका मला."

दोराचं एक टोक पाण्याखालून वडखळच्या अंगाच्या खुंटाला बांधलं, दुसरं होडीच्या मागच्या टोकावर घेतलं आणि नांगर उचलला. तोंड समुद्राकडं आलं. ओहोटीचा जोर मोठा, मागून पाणी आत येत होतं. मी निळ्या ताडपत्रीखाली आडवा पडून दोर धरला. नट माझ्या अंगावरून चालला. तिसऱ्या टेकला डायरेक्टर म्हणाला, ओके. रेवतीची नोकरी राहिली.

पिक्चर रोह्याला मुलीच्या घरी बघितला. होडी जागच्या जागी, तोंड समुद्राकडं. फार झकास काम. पण ताडपत्रीखालून माझा पाय बाहेर. अंगठ्याचं नख नांगरानं गेलेलं, तेसुद्धा दिसतं. मुलीला दिसला नाय, जावयाला नाय. द्वारकानं पहिल्या झटक्यात धरला असता.

मी रेवतीला फोन केला. "पोरी, माझा पाय दिसतोय."

"माहीत आहे, काका. वहीत लिहिला होता. पण टेक तोच चांगला होता."

तेव्हापासून एवढंच शिकलो. दुसऱ्याची चूक झाकायला आडवं व्हायचं असेल, तर आधी आपला पाय आत घ्यावा.