राखून ठेवलेला जिन्नस

पुरानं गल्लीतल्या घरोघरच्या पाककृतींच्या वह्यांचा पार लगदा केला, तेव्हा शिंपीणबाईंनी कंबर कसली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची एक कोरी वही पुरातून वाचली होती. ती घेऊन त्या दारोदार फिरल्या. आयाबायांनी भरभरून सांगितलं. बाईंनी एकेक पदार्थ करून पाहिला, पण एकालाही मूळची चव येईना.

कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. या गल्लीत कृती सांगताना प्रत्येक बाई एक जिन्नस पोटातच ठेवायची. त्या स्वतःही.

"पुन्हा पाणी आलं तर तो जिन्नस काय वर घेऊन जाणार आहात?" त्या सगळ्यांना जमवून कडाडल्या. मग त्यांनी आपल्या लोणच्यातला चिमूटभर ओवा सगळ्यांदेखत वहीत लिहिला. तेव्हा कुठे एकेकीचं तोंड उघडलं.

राहिला त्यांच्या दिवंगत सासूबाईंचा माशाचा रस्सा. तो त्या माउलीनं सुनेलाही कधी पुरता सांगितला नव्हता. समोरच्या मावशींना सांगितला होता, पण तोही अर्थातच एक जिन्नस गाळून.

"भाजलेलं आलं," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"ती कसली सांगतेय! पहिल्याच घासाला ओळखलं मी."

"मग तुमच्या रश्श्यात कधीच कसं नव्हतं?"

"मी घातलं असतं, तर तिचा रस्सा तिचा राहिला असता का?" मावशी फणकारल्या. "बघतेस काय? लिही."