खदानीपुढचे पट्टे

मानपूरजवळच्या सागाच्या जंगलात दादा दगडखदानीवर मुकादम होता. मजुरांना वाट कळावी म्हणून झाडांवर चुन्याचे पट्टे त्यानेच मारलेले. संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य झाल्यावर खदान बंद पडली, मजुरांची गावं उठली. पुढे दादाही शहरात, मल्हारगंजातल्या घरी आजारपणात गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांची खदान एकदा दाखवा."

पुसट पट्टे धरत, ओस घरांमधून आम्ही खदानीपर्यंत पोचलो. मी लगेच मागे वळलो.

"खदान तर इथेच खतम झाली नं? मग पट्टे पुढे कुठे चाललेत?" वहिनीने विचारलं.

"जंगलवाल्यांचे असतील."

तिने पुढच्या झाडावर हात फिरवला. बोटं पांढरी झाली. चुना ताजा होता.

तेव्हा मी बोललो. त्या बाजूला दादाचं दुसरं घर होतं, दुसरी बाई होती. मी तिथे जेवलोही होतो, आणि वहिनीला मात्र सांगत आलो की दादाला कामातून फुरसत नसते.

वहिनी बोटांकडे बघत राहिली. "हे गेल्याचं तिला कोणी कळवलं?"

"नाही." कळवू शकणारा मी एकटाच होतो.

"म्हणजे ती अजून वाट उजळतेय त्यांच्यासाठी," वहिनी म्हणाली आणि पुढच्या पट्ट्याकडे चालू लागली.